कर्मवीर अण्णा : ताठ मानेचे शिक्षण देणारे गुरू

आपल्या परंपरेने आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने श्रेष्ठ मानली आहेत. गेल्या शतकात महाराष्ट्राने असा एक थोर पुरुष पाहिला, की ज्याने ही चारही दाने एकाच अंगणात, एकाच पंगतीत आणि जातिधर्माचा भेद न करता दिली. भुकेल्या मुलाला भाकरी, आजारी मुलाला शुश्रूषा, निरक्षर मुलाला अक्षर आणि जन्माने वाट्याला आलेल्या अवहेलनेपासून अभय असे त्यांच्या वसतिगृहाचे स्वरूप होते. कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील हे त्यांचे नाव. त्यांच्या दानाचे एक वेगळेपण असे, की घेणाऱ्याला आपण याचक आहोत असे त्यांनी कधी वाटू दिले नाही. हे त्यांनी कसे साधले, हे समजून घेण्यासाठी त्यांच्या जीवनाचे पुनःस्मरण करणे अगत्याचे आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतून आलेली अनेक कुटुंबे स्थिरावली आहेत. त्यांतील वडीलधाऱ्या मंडळींना कर्मवीरांची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. ते त्यांना अण्णा म्हणूनच ओळखतात. नव्या पिढीपुढे मात्र हे चरित्र पाठ्यपुस्तकातील एखाद्या धड्यापुरते उरण्याची भीती आहे. म्हणूनच हा अल्प प्रयत्न.

बालपण आणि जडणघडण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. बाहुबलीच्या डोंगरामुळे पावन झालेल्या या परिसरात त्यांचे आजोळ होते. घराणे मूळचे सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगोंडा महसूल खात्यात कारकून होते, तर आई गंगाबाई धर्मपरायण गृहिणी होत्या. घरात जैन आचारविचारांचे कडक वळण होते. व्रतवैकल्ये, सोवळेओवळे आणि पंक्तीचे नियम कसोशीने पाळले जात. वडिलांची नोकरी बदलीची असल्याने भाऊरावांचे प्राथमिक शिक्षण विटे आदी निरनिराळ्या गावी झाले.

लहानपणापासून त्यांची वृत्ती बंडखोर होती. अस्पृश्य मानलेल्या माणसांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, हे पाहून त्यांनी त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकल्याची आठवण त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. अन्याय दिसला की त्यावर चर्चा करीत बसण्यापेक्षा हात घालावा, ही त्यांची पुढील आयुष्यातील रीत या एका प्रसंगातून दिसते.

एका स्नानाची किंमत

१९०२ च्या सुमारास भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. तो काळ राजर्षी शाहू महाराजांचा होता. एका बाजूला निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहत होती, तर दुसऱ्या बाजूला तालमींचे आखाडे घुमत होते. भाऊरावांचा ओढा पुस्तकांपेक्षा तालमीकडे अधिक होता. कुस्ती, पोहणे आणि देशी खेळ यांत ते रमत. अभ्यासात मात्र त्यांना फारसे यश आले नाही. मॅट्रिकची पायरी त्यांना अखेरपर्यंत ओलांडता आली नाही.

याच काळात कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव उपस्थित राहिले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करून मगच पंक्तीला बसावे, असा बोर्डिंगचा नियम त्यांना सांगण्यात आला. त्यांनी स्नानास नकार दिला. मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेल्याने माणूस विटाळतो, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला आणि महाराजांचे कार्य जवळून पाहता आले.

हा प्रसंग आपल्या समाजाने विसरू नये असा आहे. तो आपल्याच एका वसतिगृहात घडला आणि एका जैन तरुणाने तेथे आपल्याच लोकांविरुद्ध उभे राहण्याचे धैर्य दाखविले. त्यांनी धर्म सोडला नाही, मात्र धर्माच्या नावाने चाललेला भेद नाकारला. पुढे त्यांनी स्वतःची वसतिगृहे काढली तेव्हा सर्व जातींच्या मुलांसाठी एकच चूल आणि एकच पंगत ठेवली. त्याचे मूळ या प्रसंगात शोधता येते.

अग्निपरीक्षा

शाळा सुटल्यावर भाऊराव साताऱ्यास आले आणि खाजगी शिकवण्या घेऊ लागले. स्वतः मॅट्रिक न झालेल्या या तरुणाकडे पालक विश्वासाने मुले पाठवीत. शिकविण्याची हातोटी आणि विद्यार्थ्यांविषयीचा जिव्हाळा हीच त्यांची पदवी होती. याच सुमारास, १९१० च्या आसपास, सांगलीजवळील दुधगाव येथे समविचारी मित्रांबरोबर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी आश्रम उभारण्यात पुढाकार घेतला. घरोघरी मूठमूठ धान्य गोळा करून मुलांच्या जेवणाची सोय करावयाची, अशी त्यामागील योजना होती. पुढील सर्व कार्याचे बीज येथे रुजले.

१९१४ साली कोल्हापुरात डांबर प्रकरण गाजले. ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्यांना डांबर फासल्याच्या त्या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांना गुंतविण्याचा प्रयत्न झाला आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. लठ्ठे यांचा त्या जैन बोर्डिंगशी निकटचा संबंध होता. जेथून आपणास बाहेर पडावे लागले, तेथील माणसाविरुद्ध मनातील राग काढण्याची ही संधी होती. परंतु भाऊरावांनी खोटे बोलण्यास ठाम नकार दिला. कोठडीत त्यांचा अनन्वित छळ झाला. तो असह्य होऊन त्यांनी प्राण देण्याचेही प्रयत्न केले, पण साक्ष दिली नाही. हेच लठ्ठे पुढे १९३७ साली मुंबई प्रांताच्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. सत्याचे व्रत पाळताना आपला कोण आणि परका कोण हे पाहावयाचे नसते, हे भाऊरावांनी आपल्या देहावर सोसून दाखविले.

कंदील, नांगर आणि गावोगावची पायपीट

चरितार्थासाठी भाऊरावांनी ओगले काच कारखान्याच्या कंदिलांचा आणि पुढे किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचा प्रचार व विक्री केली. या व्यवसायाने त्यांना खेड्यापाड्यांचे दर्शन घडविले. कंदील विकावयास गेलेल्या या माणसाला घराघरांतला अंधार दिसला. नांगर विकताना शेतकऱ्याचे कर्ज, त्याचे अंगठ्याचे ठसे आणि त्याची शाळेबाहेर राहिलेली मुले दिसली. साताऱ्यास धनजीशा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा सहभाग होता. त्या उद्योगाच्या नफ्यातून शिक्षणकार्याला हातभार लागावा, अशी त्यांची अपेक्षा होती. ती पूर्ण न झाल्याने ते तेथून बाहेर पडले आणि त्यानंतर त्यांनी उर्वरित आयुष्य शिक्षणाला वाहिले.

महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. रयत म्हणजे कष्टकरी प्रजा. तिच्या मुलांसाठी, तिच्याच धान्यावर आणि तिच्याच श्रमावर उभी राहणारी संस्था, हा अर्थ नावातच सामावलेला होता. १९२४ साली संस्थेचे मुख्य ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. साबरमतीला आपण जे साधू पाहत आहोत ते भाऊरावांनी येथे साधले आहे, असा अभिप्राय गांधीजींनी व्यक्त केल्याचे सांगितले जाते.

रयतमाउली लक्ष्मीबाई

या कार्याची कथा लक्ष्मीबाईंच्या उल्लेखाविना अपुरी राहील. कुंभोजच्या सधन पाटील घराण्यातून आलेल्या या साध्वीच्या अंगी माहेरचे सोवळ्याचे संस्कार होते. सुरुवातीला घरात अन्य जातींच्या मुलांचा वावर त्यांना जड गेला असल्यास नवल नाही. परंतु एकदा मुले आपली मानल्यावर त्यांनी हात आखडता घेतला नाही. त्या मुलांसाठी त्यांनी स्वतः स्वयंपाक केला, आजारपणे काढली, सणासुदीला गोडधोड रांधले. पैशांची चणचण भासू लागली तसे अंगावरचे दागिने एकेक करून गेले. वसतिगृहात धान्याचा कण उरला नाही, तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही काढून दिले. आपल्या समाजात स्त्रीच्या दृष्टीने मंगळसूत्राचे मोल काय असते हे वेगळे सांगावयास नको. त्या मातेने मुलांची भूक त्याहून मोठी मानली. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेचा पुढील विस्तार पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही, पण रयतमाउली ही लोकांनी दिलेली पदवी त्यांच्या नावापुढे कायमची राहिली.

वस्ताद आणि गुरू

अण्णांच्या शिकविण्याच्या पद्धतीत तालमीतल्या वस्तादाचे अनेक गुण दिसतात. तालमीत कोणाच्या बापाची जात किंवा जमीन विचारात घेतली जात नाही. तांबड्या मातीत उतरले की ज्याचा त्याला घाम गाळावा लागतो. वस्ताद पोरावर माया करतो, पण त्याच्या वाटच्या जोरबैठका स्वतः काढीत नाही. शाहू बोर्डिंगची दिनचर्या अशीच होती. मुलांनी पहाटे उठावे, व्यायाम करावा, पाणी भरावे, धान्य निवडावे, पाळीपाळीने स्वयंपाक करावा, शेतात राबावे आणि मग पुस्तक उघडावे. अण्णा त्यांच्यामध्येच वावरत. कोण जेवला नाही, कोणाला ताप आहे, कोणाच्या घरून वाईट निरोप आला आहे, याकडे त्यांचे लक्ष असे. शिस्तीत कठोर आणि मायेत मऊ अशा या दाढीधारी पुरुषाला मुले अण्णा म्हणत आणि त्यांच्या शब्दाखातर वाटेल ते कष्ट उपसत.

यामागे एक पक्का विचार होता. गरीब मुलाला फुकट अन्न आणि फुकट विद्या मिळाली तर त्याची गरज भागेल, परंतु आपण कोणाच्या तरी उपकारावर वाढलो ही बोच त्याच्या मनात राहील. उलट सकाळी दोन तास शेतात कुदळ चालवून तो दुपारी वर्गात बसला, तर ती विद्या त्याची स्वतःची कमाई ठरेल. यातून कमवा आणि शिका ही योजना आकाराला आली. १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल हे विनामूल्य निवासी विद्यालय सुरू झाले आणि तेथे या योजनेला पद्धतशीर रूप मिळाले. १९४७ साली निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजमध्ये तीच योजना महाविद्यालयीन शिक्षणापर्यंत पोहोचली. हाताला घट्टे पडलेले विद्यार्थी पदवीधर होऊ लागले. संस्थेने वटवृक्ष हे बोधचिन्ह आणि स्वावलंबन हे ब्रीद स्वीकारले, ते याच अनुभवातून.

शिक्षकांचे शिक्षक

शाळेच्या इमारतीपेक्षा शिक्षक महत्त्वाचा, ही अण्णांची दृढ श्रद्धा होती. खेड्यात जाऊन राहणारा, तेथील जीवनाशी एकरूप होणारा शिक्षक आयता मिळणार नाही, तो घडवावा लागेल, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९३५ साली त्यांनी साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. येथून बाहेर पडलेल्या शिक्षकांच्या बळावर संस्थेने सरकारी शाळा न पोहोचलेल्या वाड्यावस्त्यांवर शेकडो व्हॉलंटरी प्राथमिक शाळा चालविल्या. अनेक शाळा देवळात, धर्मशाळेत किंवा झाडाखाली भरत. १९५५ साली माध्यमिक शिक्षकांसाठी आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन निघाले. त्याआधी, १९३२ साली, पुण्यात सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी युनियन बोर्डिंग हाऊस सुरू झाले होते. स्वतः परीक्षेत अयशस्वी ठरलेल्या या माणसाने शिक्षकांच्या पिढ्या घडविल्या. त्यांच्या मायेच्या छत्राखाली शिकलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, ही गुरूच्या कार्याला लाभलेली फार मोठी पावती आहे.

देणगी आणि स्वाभिमान

संस्था चालविणाऱ्या प्रत्येकाला पैशाची गरज असते आणि अण्णांना ती सदैव होती. त्यांनी राजेरजवाड्यांकडे, व्यापाऱ्यांकडे आणि शेतकऱ्यांच्या खळ्यांवर सारख्याच मोकळेपणाने मदत मागितली. परंतु मदतीपायी तत्त्व मोडले नाही. शिवाजी कॉलेजचे नाव बदलून आपले नाव द्यावे या अटीवर एका धनिकाने मोठी देणगी देऊ केली असता अण्णांनी ती तत्काळ नाकारली, अशी कथा सातारा भागात आजही सांगितली जाते.

सरकारशीही त्यांनी हाच बाणा ठेवला. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतरच्या अस्वस्थ काळात त्यांनी शासनावर जाहीर टीका केली. त्यावरून संस्थेचे अनुदान थांबविण्यात आले. शेकडो शाळांचा आणि शिक्षकांच्या संसारांचा प्रश्न उभा राहिला. अण्णा नमले नाहीत आणि लोकांनीही त्यांना एकटे पडू दिले नाही. गावोगावहून धान्य आणि पैसा येत राहिला. गाडगे महाराजांसारख्या संताने त्यांची बाजू उचलून धरली. अखेर अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ साली कऱ्हाडला निघालेल्या महाविद्यालयास सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले. गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ विद्यालये काढण्याचा अण्णांचा संकल्पही याच काळातला.

अखेरचे पर्व

लोकांनी त्यांना कर्मवीर ही पदवी केव्हाच बहाल केली होती. १९५९ साली भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी. लिट्. प्रदान केली. मॅट्रिकच्या उंबरठ्यावर थांबलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाने स्वतःहून आपली सर्वोच्च पदवी अर्पण केली. परंतु देह थकला होता. ९ मे १९५९ रोजी पुणे येथे अण्णांची प्राणज्योत मालवली. त्यांची समाधी साताऱ्यात आहे. १९८८ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. रयत शिक्षण संस्थेने २०१९ साली शंभर वर्षे पूर्ण केली. साताऱ्यात त्यांच्या नावाचे विद्यापीठ उभे राहिले आहे, आणि आपल्या ठाणे जिल्ह्यात वाशी येथेही त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे.

आपल्यासाठी बोध

आपण ज्या परिसरात राहतो त्याला स्वावलंबनाचा धडा नवा नाही. फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी बांधवांनी कल्याणजवळील लष्करी छावणीच्या बराकींतून संसार उभे केले आणि १९४९ साली उल्हासनगर वसले. अंबरनाथ आणि बदलापूरच्या कारखान्यांत घाम गाळणाऱ्या कामगारांनी आपल्या मुलांना शिकवून मोठे केले. अशा वस्तीत विद्यादानाचे कार्य करताना कर्मवीरांचे चरित्र आपल्याला काही प्रश्न विचारते. आपण वह्या, गणवेश आणि शिष्यवृत्त्या वाटतो तेव्हा व्यासपीठावर येणाऱ्या मुलाची मान ताठ असते की खाली? त्याच्या नावाची घोषणा होताना त्याच्या गरिबीची घोषणा तर होत नाही ना? आपल्या पंगतीत, आपल्या वसतिगृहात एखाद्या मुलाला आजही परके वाटत नाही ना?

या प्रश्नांची उत्तरे अण्णांनी आपल्या जगण्यातून देऊन ठेवली आहेत. देणगीच्या पाटीवरील नाव काळाच्या ओघात पुसट होते. त्या देणगीवर शिकलेला विद्यार्थी मात्र आपल्या पायांवर उभा राहून दुसऱ्याला हात देतो, तेव्हा ते दान पुढच्या पिढीत पोहोचते. सत्यासाठी छळ सोसणाऱ्या, भेदाला नकार देणाऱ्या आणि हजारो मुलांना श्रमाच्या भाकरीची गोडी लावणाऱ्या या थोर गुरूच्या व रयतमाउली लक्ष्मीबाईंच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.